बजाजनगरला धाडलेली पिठलं-भाकरी

हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच कुणी हसलं तर मी चहा अर्धा टाकून उठून जाईन, आधीच सांगतो. कारण ही गोष्ट निघाली की अजून माझे तळहात ओले होतात. हे बघा, झाले! गाढवपणे मी आयुष्यात लई केले, ठोक भावात केले. पण स्वतःच्याच गाढवपणाला घाबरून भरबाजारात जो दुकान टाकून पळाला असा व्यापारी अख्ख्या शहागंजात एकच, आणि तो तुमच्यासमोर बशीत चहा ओतून बसलाय.

माझं भुसाराचं दुकान तुम्हाला ठाऊक आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, तांदूळ. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण पोत्यात हात घालून झालं. ज्वारीचे चार दाणे दाताखाली धरले की ती कुठल्या शिवारातली ते सांगतो. पण शहाणपणाचं असं असतं बघा, एका पोत्यातलं दुसऱ्या पोत्यात जात नाही.

सुरुवात केली ती माझ्या लेकीनं. प्राची नाव तिचं, कॉलेजात एम.एस्सी. करते. एक दिवस दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज हवामान विकता."

म्हटलं, "बाई, मी तूरडाळ विकतो."

मग तिनं समजावलं. भाताचं रान पाण्यात उभं राहतं, त्यातून वायू निघतो आणि आभाळ तापवतो. रवंथ करणारी जनावरं ढेकर देतात, त्यातूनही तेच. ताटात टाकलेलं अन्न कुजतं, तिथंही तेच. आणि ज्वारी-बाजरीला पाणी कमी, खत कमी, ऊन चालतं. डाळी तर जमिनीला उलट खत देऊन जातात. आपण काय खातो त्यावर उद्याचा उन्हाळा ठरतो.

"म्हणजे माझा आजा जे खात होता ते?"

"तेच, बाबा."

खरं सांगू? आधी मी खूश झालो. गोदामात ज्वारीची थप्पी लागलेली, उचल नाही, आणि इथं चक्क विज्ञान माझ्या मालाची शिफारस करतंय! पण लेक गेल्यावर मी एकटाच विचार करत बसलो आणि घाबरलो. व्यापाऱ्याला भीती कशाची असते? पुढच्या साली माल येईल का, याची. शटरला दुपारी हात लावला तर चटका बसतो. काढणीला आलेल्या पिकावर गारा पडतात. नळाला पाणी आलं की गल्लीत सण असतो. हे सगळं मी रोज बघत होतो, पण त्याचा धागा आपल्या ताटापर्यंत येतो हे पहिल्यांदा कळलं. ती भीती खरी होती. अजून आहे.

झालं! त्या दिवसापासून मी मटण सोडलं आणि भाषण धरलं.

नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो म्हणतात ना, तसं माझं. माझ्या शेजारी मसाल्याचं दुकान असलेले सलीमभाई हेच म्हणायचे आणि वर हसायचे. कुणी बासमती मागितला की मी आधी अर्धा तास आभाळ तापवायचो. गिऱ्हाईक ऐकायचं, मान हलवायचं आणि बासमती समोरच्या दुकानातून घ्यायचं.

"शेठ," सलीमभाई म्हणायचे, "गिराइक को भाषण नक्को दो जी. माल दो."

ऐकायला पाहिजे होतं. पण माझी जीभ आणि माझा तराजू, दोन्ही सरळ राहत नाहीत असं माझी बायको म्हणते. तराजूचं खोटं आहे. जिभेचं खरं.

असे चार महिने गेले, आणि एका रविवारी बजाजनगरला थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, जेवायला बोलावलं होतं. अक्काचे यजमान म्हणजे आमचे दाजी. वाळूजच्या एका कंपनीत फोरमन होते, आता रिटायर. आयुष्य मशिनींच्या आवाजात गेल्यामुळं घरातही असं बोलतात की शेजारचा उत्तर देतो. माणूस सोन्यासारखा. फक्त रविवार आणि मटण ही त्यांच्या लेखी एकाच वस्तूची दोन नावं.

"दत्ता, नळी घे."

"नको दाजी. सोडलं मी."

"माळ घातली का काय?"

"नाय. हवामानासाठी."

दाजींनी खिडकीतनं बाहेर बघितलं. "हवामानाला काय झालं? ऊन पडलंय की चांगलं!"

मग मी सुरू झालो. भात, वायू, ढेकर, गारा, काही सोडलं नाही. दाजी शांतपणे हाड चोखत होते. ते शांतपण मला लागलं. आणि मी बोलून गेलो, "असंच चापत राहिलात ना दाजी, तर पृथ्वीच्या आधी तुमचाच नंबर लागंल!"

पंगत गपकन थांबली. अक्का परातीवरनं उठली. "दत्ता! जीभ हाय का विळा?"

दाजी मात्र हसले. मला दाखवून दोन पळ्या रस्सा जास्तीचा ओढला आणि म्हणाले, "लागू दे. रांगेत उभं राहायची सवय हाय मला."

आणि त्याच रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं!

सोमवारी सकाळी अक्काचा फोन. बजाजनगरमधल्याच एका छोट्या दवाखान्यात ठेवलंय. "घाबरू नको, ईसीजीची पट्टी चांगली निघालीय. गॅस हाय म्हणतो डॉक्टर. बुधवारी दुपारी सोडणार."

गॅस! पण माझा गॅस त्या दिवसापासून चढला तो उतरेना. माझ्या जिभेला हाड नाही, पण तिळाएवढा एक काळा डाग आहे, आणि आई लहानपणीच म्हणायची, ह्याचं बोलणं फळतं. दवाखान्यात जायचं धाडस होईना. कुठल्या तोंडानं जाऊ? खाटेवरच्या माणसानं विचारलं, 'काय दत्ता, नंबर बघायला आलास का?' तर काय सांगू?

मंगळवारी गल्ल्यावर बसल्या बसल्या मला युक्ती सुचली. मला युक्ती सुचली की बायको देवापुढं दिवा लावते, पण ती तेव्हा माहेरी बीडला होती. ती घरात असती तर हा किस्साच झाला नसता.

युक्ती अशी. बोलून माल खपत नाही, जिभेवर ठेवला की खपतो. दाजी बुधवारी दुपारी घरी येणार. त्याआधी त्यांच्या दारात गरम ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं पोचवायचं. पोटाला हलकं, आभाळाला हलकं. आणि एकट्या दाजींना कशाला? त्यांच्या बिल्डिंगीत बारा बिऱ्हाडं आहेत, सगळ्यांना चव देऊ. माफी मागून होईल आणि प्रचारही होईल. एका भाकरीत दोन कामं!

आमच्या गल्लीच्या टोकाला मंदाबाईंची खानावळ आहे. गेलो.

"मंदाबाई, उद्या धा वाजेपर्यंत पन्नास भाकरी आणि पातेलंभर पिठलं पाहिजे. ज्वारी माझी, पीठ माझं."

"पिठलं-भाकरी?" मंदाबाईंचा हात थांबला. "कुणाकडं धाडायची, शेठ?"

"बजाजनगरला. आमच्या अक्काकडं."

"तुमचे दाजी दवाखान्यात होते ना?"

"व्हय ना. उद्या दुपारी घरी आणणारेत."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी पाकीट काढलं तर माझा हात धरला. "नको शेठ. असल्या कामाचे पैसे मी घेत नाय."

मी थक्क! मनात म्हटलं, बघा, खानावळ चालवणारी साधी बाई, पण धरतीबद्दल केवढी कळकळ! आणि आपण शिकल्या-सवरल्यांना भाषणं देत फिरतो.

बुधवारी सकाळी पांढऱ्या स्वच्छ फडक्यात बांधलेली भाकरीची टोपली आणि झाकलेलं पातेलं टेम्पोत चढलं. टेम्पोवाल्या गणपतला म्हटलं, "अक्काच्या दारात द्यायचं. सून असंल घरात. म्हणावं, शेठनी पाठवलंय, समद्यांना पुरंल."

"चिठ्ठी-बिठ्ठी?"

"कशाला? माल स्वतः बोलतो."

बोलला हो! लई मोठ्यानं बोलला.

अकराच्या सुमाराला मी एका बाईंना तूरडाळ मोजून देत होतो. फोन वाजला. दाजींचे चुलतभाऊ, गावाकडचे तात्या.

"शेठ, माती किती वाजता?"

"कसली माती, तात्या?"

"आता कसली म्हंजी? कुठं न्यायचं ठरलंय? गावाकडं आणणार का तिथंच? आमी जीप भरून निघालोय, पण तोवर थांबवा म्हणावं."

माझ्या हातातलं माप खाली आलं. "तात्या... कोण गेलं?"

मग तात्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तात्यांचा आवाज मी कधी मऊ ऐकला नव्हता, त्यानंच मी निम्मा मेलो.

"तुमाला सांगितलं नाय व्हय कुणी? आरं, तुमचे दाजी गेले, बाबा. बजाजनगरला समदी रडत्याती. फोनात ऐकू येतंय मला."

तुम्ही कधी विहिरीत पोहरा सुटलेला ऐकलाय? आधी काहीच नाही, आणि मग लांब खाली धप्प. तसं काळीज गेलं. समोरच्या बाई म्हणत होत्या, "शेठ, अर्धा किलोच हो," आणि मी त्यांच्या पिशवीत डाळ ओततच होतो, ओततच होतो.

अक्काला फोन लावला. वाजला, वाजला, उचलला नाही. परत लावला. नाही. तिसऱ्यांदा नाही. अक्काची सून सारिका, तिचा फोन सारखा बिझी. नवरा गेलेली बाई फोन कसा उचलेल? पटलंच मला. आणि डोक्यात एकच वाक्य घणासारखं: तुमचाच नंबर लागंल. तुमचाच नंबर लागंल. शेवटचं बोलणं माझं. मीच मारलं. धरती वाचवायला निघालो आणि बहिणीचं कुंकू पुसलं!

"क्या हो गया जी, शेठ? मुँह क्यूँ सफेद पड़ गया?" सलीमभाई.

"दाजी गेले."

त्यांनी तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटली, हातातली मिरचीची पिशवी खाली ठेवली, स्वतःचं शटर ओढलं, माझं ओढलं. "चलो. बैठो पीछू."

स्कूटरवर मागं बसलो. शहागंज ते बजाजनगर हा रस्ता मी हजारदा गेलोय, पण त्या दिवशी तो संपूच नये असं वाटत होतं आणि लवकर संपावा असंही. पोचल्यावर अक्का दारात असेल. ती काय म्हणेल? काही म्हणणारच नाही, नुसती बघेल. त्या नजरेची मला इतकी धास्ती वाटली की नगर नाक्यावर सिग्नल लाल पडला तर मला बरं वाटलं! पुढं कंपनीची बस उभी, मागं ट्रक हॉर्न देतोय, डोक्यावर ऊन, आणि मी सलीमभाईंच्या पाठीत तोंड खुपसून आठवतील तेवढ्या देवांना हाका मारतोय. काय काय बोललो, माझी मला शुद्ध नव्हती. सलीमभाई मधेच मान वळवून बघायचे आणि परत गाडी हाणायचे.

बिल्डिंगीपुढं गाडी थांबली. वीस-पंचवीस माणसं उभी. खुर्च्या मांडलेल्या. कुणी जोरात बोलत नव्हतं. दोघंजण बांबू आणायला कुणाला पाठवायचं ते ठरवत होते. बांबू ऐकला आणि मी गाडीवरनं उतरेनाच. सलीमभाईंनी बगलेत धरून आत नेलं.

सारिका धावत आली. "मामाऽऽ! तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना? आम्हाला आधी का नाय सांगितलं हो मामा!"

मला वाटलं, पोर दुःखानं भ्रमिष्ट झाली. मी तिला जवळ घेतलं आणि टाहो फोडला. असा फोडला की वरच्या मजल्यावरच्या बाया, ज्या तोवर पदराआड मुसमुसत होत्या, त्या मोकळ्या रडायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "आता शंकाच नाय राहिली. मामा आले."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका, बँकेतनं रिटायर झालेले, हळूच म्हणाले, "अहो, पण मला एक कळत नाही. दवाखान्यातून कुणी कळवलंय का? प्रत्यक्ष?"

"काका, काय बोलताय!" एक बाई त्यांच्यावर धावून आल्या. "पिठलं-भाकरी आलीय की दारात! माहेरच्यांनी उगाच पिठलं धाडलं व्हय?"

मी रडायचा थांबलो. "कु... कुठलं पिठलं?"

सगळ्यांनी दाराकडं बोट केलं.

पांढरं फडकं. माझी टोपली. माझं पातेलं.

मंडळी, तुम्हाला सांगायला नको. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, आणि मग सोयरे-शेजारी काय नेऊन देतात? पिठलं-भाकरी! लहान पोराला ठाऊक आहे. मी स्वतः किती घरी नेऊन दिलीय! आणि ज्या घरचा कर्ता माणूस दवाखान्यात, त्या घरी, न सांगता, न चिठ्ठी देता, बायकोच्या भावानं पन्नास भाकरी पाठवल्या! सारिकानं टोपली बघितली, तिला वाटलं दवाखान्यानं आधी मामांना कळवलं. तिनं किंकाळी फोडली. बिल्डिंग जमली. बिल्डिंगीनं गावाला फोन केला. गावानं मला केला. आणि मी रडत आलो, म्हणून बिल्डिंगीची खात्री पटली!

म्हणजे मी त्यांच्या भरवशावर रडत होतो आणि ते माझ्या.

पण सुटकेचा श्वास घ्यावा तर तोही येईना. कारण एक नवीच भीती उभी राहिली. अफवा माझी, हे खरं. पण अक्का फोन का उचलत नव्हती? आणि अफवाच खरी निघाली असली तर? माझ्या जिभेचं काही सांगता येत नाही. मी तोंड उघडून सगळ्यांना सांगणार होतो, पण काय सांगणार? दाजी जिवंत आहेत म्हणू? माहीत कुणाला होतं!

तसाच उभा होतो, टोपलीकडं बघत, आणि बाहेर रिक्षा थांबली.

आधी औषधांची पिशवी उतरली. मागून अक्का. मागून, एक हात रिक्षाच्या दांड्याला धरून, दाजी!

दाजींनी गर्दी बघितली. माणूस रीतभात पाळणारा. लगेच डोक्यावरची टोपी काढली, चेहरा पाडला, सगळ्यात कडेच्या माणसाजवळ गेले आणि त्यांच्या मानानं हळू आवाजात, म्हणजे तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं, विचारलं, "कोण गेलं रं?"

त्या बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमीच, आण्णा."

पुढं काय झालं ते धड सांगता येणार नाही. कुणी ओरडलं, कुणी खुर्चीसकट मागं पडलं, सारिका सासऱ्यांच्या पायावर. एक म्हातारी त्यांना हात लावून बघत होती, ऊब आहे का म्हणून. मी भिंत धरून उभा. माझ्या डोळ्यांतनं परत पाणी वाहत होतं, पण आता ते वेगळ्या टाकीतलं होतं.

अक्का मात्र शांत. तिनं सगळ्यांवरनं नजर फिरवली आणि ती टोपलीवर येऊन थांबली. फडकं सोडलं. पातेल्याचं झाकण काढलं. बोट बुडवून चाटलं.

"बिनफोडणीचं!" ती म्हणाली. "मयताच्या घरचं पिठलं. कुणी धाडलं हे?"

सगळ्या बिल्डिंगीनं माझ्याकडं बघितलं.

"मी, अक्का."

"का?"

"हवामानासाठी."

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे. तिनं मला शेवटची चापट मी तिसरीत असताना मारली होती. मधे एवढी वर्षं गेली, पण हात विसरली नव्हती.

"फोन का उचलला नाय मग तू?" मी गाल धरून विचारलं.

"दवाखान्यात पाटी लावलीय, फोनचा आवाज बंद ठेवा म्हणून. तुझ्यासारखी माणसं फोन करत्यात म्हणूनच लावली असंल!"

तेव्हा कुठं मंदाबाईंचा पदर आठवला. बाई पैसे का नको म्हणाल्या, फोडणी का दिली नाही, सगळं एकदम उजेडात आलं. धरतीची कळकळ! माझ्यापेक्षा गाढव बाजारात उरलं होतं का सांगा.

तोवर तात्यांची जीप आली. जीपमधून उतरताच बायकांनी गळा काढला आणि त्यांना "या, या, बसा" म्हणायला स्वतः मयतच पुढं! तात्यांनी दाजींना खालवर बघितलं आणि ते उखडले, "आरं, काही सांगायची पद्धत! हातातली कामं टाकून आलो ना आमी!"

"परत जाऊन करा की कामं," दाजी म्हणाले. "माझ्यानं तुमच्यासाठी मरवत नाय आज."

आता एवढी माणसं, दुपारचा एक वाजलेला, कुणाच्याच घरात चूल पेटलेली नाही. जेवायला होतं काय? माझी टोपली! दाजींनी हुकूम सोडला, "सारिका, लसणाची चांगली खरपूस फोडणी घाल त्याच्यावर. पिठलं जित्तं कर."

मंडळी, त्या फोडणीच्या वासानं बिल्डिंग खरोखर जागी झाली. लोक भिंतीला टेकून, जिन्यात बसून, हातावर भाकरी घेऊन जेवले. रडून भूक लागते म्हणतात ते खोटं नाही. एक तुकडा उरला नाही, एक घास वाया गेला नाही. जोशीकाकू मला म्हणाल्या, "भाकरी गार होऊनही मऊ आहे हो. ज्वारी कुठली?" रडून सुजलेल्या डोळ्यांनी मी त्यांना शिवार सांगितलं. सहा घरांनी ज्वारी घ्यायचं कबूल केलं. फक्त एका अटीवर: घरपोच द्यायची नाही.

मी दाजींचे पाय धरले. "दाजी, त्या रविवारी जे बोललो..."

"ऊठ," ते म्हणाले. "नंबर लागला होता रं खरा. पण खिडकीवाला जेवायला गेला होता. आणि हे बघ, डॉक्टरनंबी तेच सांगितलंय, मटण महिन्यातनं एकदा. आता ज्वारी तुझ्याकडनंच येणार."

मला काय झालं असेल विचार करा! ज्यांच्यापुढं त्या रविवारी डोकं फोडलं ते दाजी स्वतः भाकरीवर आले होते! तीन दिवसांत पहिल्यांदा भीती अंगातनं उतरली. हातपाय हलके झाले. मनात म्हटलं, दत्ता, गाढवपणा झाला, पण धरतीचं काम झालं.

आणि तेवढ्यात सलीमभाई, तोंडातला शेवटचा घास गिळून, सगळ्यांसमोर, अगदी प्रेमानं म्हणाले, "चलो शेठ, अल्ला का करम है. अब वो बकरा कब का करना बोलो?"

"कोणता बकरा?" मी.

"हौ! भूल गए? नगर नाके पे सिग्नल को खड़े थे ना अपन? आप मेरी पीठ को लग के बोले ना, 'म्हसोबा, दाजींना जिवंत दाखव, तुला बोकड देतो!' एक मर्तबा नहीं जी, तीन मर्तबा बोले! पीछेवाला ट्रकवाला भी सुना."

जिन्यातल्या माना एकदम माझ्याकडं वळल्या.

तात्या सावकाश उठले. म्हसोबाचं ठाणं त्यांच्याच बांधावर. "नवस बोललाय? मग फेडावाच लागंल, शेठ."

"तात्या, मी शुद्धीत नव्हतो हो. पुरणाचा निवद केला तर? हरभऱ्याच्या डाळीचा. डाळ माझी."

"देवाला फसवता?"

दाजींनी मिशीवर हात फिरवला. रविवारी मला हसताना दिसले होते ना, त्याच्या दुप्पट हसले. "महिन्यातनं एकदा चालतं म्हणलाय डॉक्टर," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दाजींच्या गावाला अख्खी बिल्डिंग, अख्खी भावकी आणि सलीमभाई सहकुटुंब. चार महिने हवामानासाठी मटण सोडलेला माणूस हातात पळी घेऊन पंगतीत रस्सा वाढतोय आणि दाजी प्रत्येकाला ओरडून सांगतायत, "घ्या, घ्या! दत्ताशेठचा नवस हाय!"

प्राचीही आली होती. बापाची लाज ठेवायला दिवसभर गप्प राहिली. परत येताना गाडीत मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"बाबा, घाबरला होतात हे कळलं मला. पण निदान नारळ तरी बोलायचा होतात!"

पोरीचं बरोबर होतं. तीस वर्षं शहागंजात बसून पै-पैला घासाघीस केली, समोरच्यानं दहा म्हटलं की मी चारवरनं सुरू करतो, अशी माझी ख्याती. आणि त्या दिवशी म्हसोबानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच मी आपला पहिल्या बोलीला बोकड!